ठसा जुळला नाही म्हणून माणूस खोटा?

‘प्रामाणिक माणसाला आधारची भीती कशाला?’ हे गेल्या अंकातले पत्र वाचले. भीती कार्डाची नाहीच; ते चालले नाही की हात हलवत परत पाठवणाऱ्या व्यवस्थेची आहे.

देशातले पहिले आधार 29 सप्टेंबर 2010 रोजी आपल्याच शेजारी, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिले गेले. खुद्द पंतप्रधान मनमोहन सिंग आले होते. खानदेशाने सर्वांआधी विश्वास टाकला. तो राखायचा सरकारने.

पत्रलेखकाच्या मते ठसा जुळत नाही तो लाभार्थी बोगस. त्यांनी साक्रीच्या पश्चिम पट्ट्यातल्या ऊसतोड मजुरांची बोटे एकदा पाहावीत. रेषाच झिजल्या तर यंत्र वाचणार काय? आधार प्राधिकरणाच्या 24 ऑक्टोबर 2017 च्या परिपत्रकानुसार ठसा जुळला नाही तरी रेशन नाकारता येत नाही. ओळख दुसऱ्या मार्गाने पटवावी लागते. किती दुकानांत हे पाळले जाते?

सर्वोच्च न्यायालयाने 26 सप्टेंबर 2018 रोजी योजना वैध ठरवली, पण बँक खाते आणि सिमकार्डासाठीची सक्ती रद्द केली. तरी आधारची झेरॉक्स मागणारे थांबले नाहीत. (ते कागद पुढे भेळीच्या पुड्यालाही जात असतील!) माहितीचा गैरवापर झाल्यास पूर्वी फक्त प्राधिकरणच न्यायालयात तक्रार करू शके, 2019 च्या दुरुस्तीने तो अधिकार नागरिकालाही मिळाला.

वाचकांना विनंती: अंगठ्यावरून धान्य नाकारले तर तहसीलच्या पुरवठा शाखेत लेखी तक्रार द्या आणि पोच घेतल्याशिवाय निघू नका.

— एक वाचक, पिंपळनेर (ता. साक्री, जि. धुळे)