आचार्य अत्रे चौक मेट्रो स्थानक

आचार्य अत्रे चौक हे मुंबई मेट्रोच्या मार्गिका ३ वरील, म्हणजेच ॲक्वा मार्गिकेवरील, वरळी भागातील भूमिगत स्थानक आहे. लेखक, पत्रकार आणि संयुक्त महाराष्ट्र चळवळीचे नेते प्रल्हाद केशव अत्रे यांचे नाव दिलेल्या चौकावरून स्थानकाचे नामकरण झाले. १० मे २०२५ रोजी ते प्रवाशांसाठी खुले झाले आणि २६ मे रोजी पावसाचे पाणी आत शिरल्याने तेथील सेवा थांबवावी लागली. या घटनेमुळे टप्प्याटप्प्याने सुरू होणाऱ्या भूमिगत मार्गांच्या पूरसुरक्षेचा प्रश्न चर्चेत आला.

पार्श्वभूमी

कफ परेड ते आरे या सुमारे ३३.५ किलोमीटर लांबीच्या मार्गिकेवर २७ स्थानके असून त्यांपैकी २६ भूमिगत आहेत. मार्गिका तीन टप्प्यांत सुरू झाली. आरे ते वांद्रे-कुर्ला संकुल हा पहिला टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये, तेथून आचार्य अत्रे चौकापर्यंतचा दुसरा टप्पा मे २०२५ मध्ये आणि कफ परेडपर्यंतचा शेवटचा टप्पा ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झाला. त्यामुळे मूळ आराखड्यात मार्गिकेच्या मध्यावर असलेले हे स्थानक सुमारे पाच महिने तात्पुरते अंतिम स्थानक होते.

वरळी हे मुंबईच्या मूळ सात बेटांपैकी एक. अठराव्या शतकात हॉर्नबी वेलार्ड हा बांध घालून वरळी आणि महालक्ष्मी यांच्यामधील खाडीचे मुख बंद करण्यात आले व बांधामागील सखल जमीन कालांतराने वस्तीखाली आली. अशा भागातील पावसाचे पाणी समुद्रात सोडणे भरतीच्या वेळी कठीण होते.

मे २०२५ मधील घटना

मुंबईत नैर्ऋत्य मोसमी पावसाच्या आगमनाची सर्वसाधारण तारीख ११ जून मानली जाते. २०२५ मध्ये तो २६ मे रोजीच दाखल झाला आणि त्या दिवशी दक्षिण मुंबईत अतिवृष्टी झाली. डॉ. ॲनी बेझंट मार्गावरील एका प्रवेशद्वाराचे काम तेव्हा अपूर्ण होते. पाणी अडवण्यासाठी तेथे बांधलेली भिंत कोसळून पाणी आत शिरले, असे स्पष्टीकरण मुंबई मेट्रो रेल कॉर्पोरेशनने दिले. पाणी फलाटापर्यंत पोहोचले. वरळी ते आचार्य अत्रे चौक ही सेवा थांबवून गाड्या आरे ते वरळी अशा चालवण्यात आल्या. घटनेत जीवितहानी झाली नाही.

विश्लेषण

भूमिगत स्थानकात पुराचे पाणी प्रामुख्याने रस्त्याच्या पातळीवरील उघड्या भागांतून, म्हणजे प्रवेशद्वारे, वायुवीजन झडपा आणि अपूर्ण खोदकामातून शिरते. पूर्ण झालेल्या प्रवेशद्वाराचा उंबरठा रस्त्याहून उंच ठेवता येतो आणि तेथे पूररोधक फळ्याही बसवता येतात. काम चालू असलेल्या प्रवेशद्वारापाशी मात्र सगळी भिस्त तात्पुरत्या बांधकामावर असते. प्रवासी त्या द्वाराचा वापर करत नसले, तरी पाण्याच्या दृष्टीने ते स्थानकाचाच भाग असते.

टप्प्याटप्प्याने मार्ग सुरू केल्याने मोठ्या खर्चाचा लाभ नागरिकांना लवकर मिळतो, ही या पद्धतीची जमेची बाजू आहे. मात्र त्यामुळे चालू वाहतूक आणि अपूर्ण बांधकाम एकाच छताखाली येतात. मे महिन्यात सुरू झालेल्या स्थानकाला पहिल्या पावसापूर्वी जेमतेम महिनाभराचा अवधी अपेक्षित होता. प्रत्यक्षात तो पंधरवड्याइतकाच मिळाला. पाऊस लवकर आला हे खरे असले, तरी पावसाळ्याच्या तोंडावर उघडलेली तात्पुरती भिंत काही आठवड्यांत मुसळधार पावसाला सामोरी जाणारच होती. म्हणून पावसाची तारीख हे घटनेचे निमित्त ठरते, तर मूळ कारण भिंतीच्या क्षमतेत शोधावे लागते.

इतर शहरांचे अनुभवही सावध करणारे आहेत. न्यूयॉर्कमधील साउथ फेरी हे २००९ मध्ये सुरू झालेले नवे स्थानक २०१२ च्या सँडी वादळात बुडाले आणि २०१७ मध्येच पुन्हा खुले होऊ शकले. चीनमधील चंगचौ येथे जुलै २०२१ मध्ये पुराचे पाणी भुयारात शिरून मेट्रोतील १४ प्रवासी मृत्युमुखी पडले. वरळीतील हानी त्या तुलनेत फारच मर्यादित होती.

सद्यस्थिती

९ ऑक्टोबर २०२५ पासून गाड्या कफ परेडपर्यंत धावू लागल्या आणि आचार्य अत्रे चौक हे मधले स्थानक झाले. मुंबई महानगर प्रदेशात इतर मेट्रो मार्गिकांवरही भूमिगत टप्प्यांची कामे सुरू आहेत. त्यांचे उद्घाटन ठरवताना रूळ, सिग्नल व गाड्यांच्या सज्जतेबरोबरच प्रत्येक अपूर्ण प्रवेशद्वाराचा बंदोबस्तही तपासला जातो का, हा या स्थानकाच्या पहिल्या पावसाने उपस्थित केलेला प्रश्न आहे.