टॅबचीही चाचणी घ्या

मालदांडी ज्वारी सोलापूरच्या काळ्या रानात साधते, म्हणून नाणेघाटाच्या माथ्यावर घाटघरच्या भातखाचरात ती कोणी पेरत नाही. कृषी विद्यापीठाला एखादे वाण शिफारशीला आणायचे तर ते वेगवेगळ्या जमिनींत, वेगवेगळ्या पावसात, तुल्य वाणाशेजारी लावून दाखवावे लागते. एका हंगामावर भागत नाही.

आमच्या पोरांच्या शाळेत टॅब, डिजिटल फळा आणि अ‍ॅप येते तेव्हा शेजारचा प्लॉट कोठे असतो? शहरातल्या इंग्रजी शाळेचे पीक दाखवायचे आणि तेच बियाणे घाटघरच्या वाडीवर नि यवतमाळच्या तांड्यावर खपवायचे, असा हा व्यवहार आहे.

यंत्राला आमचा विरोध नाही. नव्या बियाण्याचा हक्क मागण्यासाठी 2019 साली अकोट तालुक्यात शेतकऱ्यांनी कायदा मोडून कपाशी पेरली. तंत्रज्ञान नको म्हणणारी ही जात नव्हे. प्रश्न पुराव्याचा आहे.

‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या जागतिक योजनेचा आपल्या देशातला पहिला प्रयोग 2007 साली रायगड जिल्ह्यात, कर्जत तालुक्यातल्या खैराटच्या एकशिक्षकी शाळेत झाला. कौतुक पुष्कळ झाले. रीतसर चाचणी मात्र झाली ती पेरू देशात. तेथे 319 ग्रामीण शाळा घेतल्या, काहींना लॅपटॉप दिले, काहींना दिले नाहीत. 2012 साली निष्कर्ष आला: गणितात आणि भाषेत फरक नाही.

उलट दिल्लीत 2015 साली 619 मुलांत सोडत काढून काहींना शाळेनंतर संगणकावर शिकवले. साडेचार महिन्यांत ती मुले गणितात आणि हिंदीत बाकीच्यांच्या पुढे गेली. त्या संगणकाची खुबी एवढीच, की आठवीच्या पोराला चौथीचे गणित येत नसेल तर तो चौथीपासून सुरुवात करी. सोबत शिकवणारा माणूसही होता, हे विक्रेते सांगत नाहीत.

बाजाराची तऱ्हा पाहा. बायजूज कंपनीची किंमत 2022 साली 22 अब्ज डॉलर धरली गेली. 2024 साली ती दिवाळखोरीच्या कारवाईत सापडली. आमच्या कापसाच्या गाठीवर एवढा विश्वास कोणत्या सावकाराने टाकला आहे?

तेव्हा जिल्हा मेळाव्यात ठराव करावा. सरकारी पैशाने टॅब घेण्यापूर्वी तालुक्यातल्या दहा शाळांना ते द्या, दहांना देऊ नका. कोणत्या दहा, ते चिठ्ठ्या टाकून ठरवा, नाहीतर विक्रेता भारी रानेच निवडील. वर्षअखेरीस दोन्हीकडच्या मुलांचे वाचन आणि भागाकार ग्रामसभेसमोर तपासा. बॅटरी कोण बदलणार, तेही करारात आधी लिहून घ्या.