'क्रिश २' कुठं गेला?

दोस्तहो, आज आधी एक कोडं. आईबाबांना घाला आणि गंमत बघा. हृतिक रोशनचा 'क्रिश' आला २३ जून २००६ ला. 'क्रिश ३' आला १ नोव्हेंबर २०१३ ला, ऐन दिवाळीच्या तोंडावर. तर मग 'क्रिश २' कुठल्या साली आला?

बाबा डोकं खाजवतील. आई म्हणेल, "मधे कधीतरी आला असेल बाई, आपण नसेल पाहिला." उत्तर असं, की तो कधी आलाच नाही! राकेश रोशन यांनी मोजायला सुरुवात केली ती ८ ऑगस्ट २००३ ला आलेल्या 'कोई... मिल गया'पासून. जादू नावाचा निळा पाहुणा ज्यात येतो, तोच. तो पहिला, 'क्रिश' दुसरा, म्हणून पुढचा तिसरा. हिशेब बरोबर आहे, फक्त दोन नंबरच्या सिनेमावर दोन हा आकडा लिहायचा राहिला.

हे कोडं आज आठवायला कारण घडलं एक पत्र. अक्कलकोटहून दुधनीच्या रस्त्याला लागलं की वाटेत मैंदर्गी येतं. सोलापूर जिल्ह्याची ही अगदी कडेची बाजू, पलीकडे लगेच कर्नाटक. तिथल्या कितीतरी घरांत वाक्य सुरू होतं कन्नडात आणि संपतं मराठीत, आणि बोलणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. तिथल्या एका आईनं हे पत्र लिहिलंय. नाव छापू नका असं त्यांचं सांगणं आहे, म्हणून छापत नाही.

त्यांना दोन मुलगे. मोठा दहावीत, धाकटा चौथीत. सुट्टीत दोघांनी हे तिन्ही सिनेमे लागोपाठ तीन दिवस पाहिले. तिसऱ्या दिवशी धाकटा काळ्या पुठ्ठ्याचा मुखवटा कापून, दोरा ओवून, तोंडाला बांधून बसला होता. सिनेमा संपला आणि मोठा म्हणाला, "नुसती नक्कल आहे रे तम्मा. हा सिनेमा ज्याला आवडतो त्याला सिनेमातलं काही कळत नाही." तम्मा म्हणजे धाकटा भाऊ, बरं का, कन्नडात. त्यानं मुखवटा सोडला आणि पेटीत टाकला. चार दिवस अण्णाशी बोलला नाही. रोज एका ताटात भाकरी कुस्करणारे हे दोघे, आता पाठीला पाठ लावून जेवतात! त्यात बाबांनी तेल ओतलं. ते म्हणाले, "तुमचे दोन्ही टाकाऊ. खरा सिनेमा 'कोई... मिल गया'." आई विचारतात, "आता तुम्हीच सांगा, कोण बरोबर?"

मी काही न्यायाधीश नाही. पण खटला मोठा झकास आहे, तेव्हा कागदपत्रं तर उघडून बघू.

आधी मोठ्याची तक्रार घेऊ. 'क्रिश ३'मधला काल नावाचा खलनायक (विवेक ओबेरॉय) खुर्चीला खिळलेला आहे आणि नुसत्या मनाच्या जोरावर वस्तू हलवतो. त्याची हस्तक काया (कंगना राणावत) कुणाचंही रूप घेते. आता २००० साली आलेला 'एक्स-मेन' हा इंग्रजी सिनेमा काढा. तिथं एक प्राध्यापक चाकाच्या खुर्चीत बसून मनाचा खेळ करतात, एकजण हात न लावता लोखंड वाकवतो आणि एक बाई हवं त्याचं रूप घेते. सिनेमा आला तेव्हाही पुष्कळांनी हेच बोट दाखवलं होतं. त्यामुळे अण्णा, तुझा मुद्दा खोटा नाही.

पण थांब. तुला 'क्रिश' आवडला ना? मग त्याचा मुखवटा कुठून आला? दोन नावांनी जगणारा सुपरमॅन १९३८ सालचा. तोंड झाकून गरिबांसाठी तलवार चालवणारा झोरो त्याच्याही आधीचा, १९१९ सालचा. उसना माल दोन्ही सिनेमांत आहे. मला वाटतं, खरा प्रश्न असा विचारावा, की उसनं आणलेलं त्यांनी आपल्या घरात नीट लावलं का?

'क्रिश'मध्ये लावलं. आठवा तो सर्कशीच्या आगीचा प्रसंग. तंबू पेटलाय, आत मुलं अडकलीत, आणि कृष्णानं तर आजीला वचन दिलंय की आपली शक्ती कुणाला दाखवायची नाही. वचन मोडायचं की मुलांना मरू द्यायचं? तिथं पडलेला एक फुटका मुखवटा तो उचलतो, कोट उलटा करून घालतो आणि आगीत शिरतो. मुखवटा उसना असेल, पण तो चढवायची वेळ का आली ते या घरातलंच आहे. तिन्ही सिनेमांत मला हा प्रसंग सगळ्यांत आवडतो.

आता 'क्रिश ३'. कायाचं रूप बदलणं उसनं आहे खरं. पण ती प्रियाचं रूप घेऊन कृष्णाच्या घरात येऊन राहते, तिथली माया तिला लागते आणि मग कुणाची बाजू घ्यावी तिला कळेना होतं. हे लावणं जमलंय, अण्णा. कालचं मात्र जमलं नाही. आणि याचीच मला चुटपुट लागते, कारण त्याची गोष्ट तर केवढी जबरदस्त! रोहितच्या डीएनएपासून प्रयोगातून जन्मलेला, पांगळा म्हणून दूर सारलेला हा मुलगा. म्हणजे नायक आणि खलनायक नात्यानं भाऊच की! एकाला आजी मिळाली, दुसऱ्याला कुणी नाही. इथं सिनेमाच्या हाती सोनं लागलं होतं. ते तिथंच टाकून तो मारामारीकडे धावत सुटला.

नकलेचा विषय निघालाच आहे तर मालेगावची आठवण काढायलाच हवी. नाशिक जिल्ह्यातल्या या यंत्रमागांच्या गावात शेख नासिर आणि त्यांच्या मित्रांनी हौसेनं, अगदी तुटपुंज्या पैशांत सिनेमे काढले. त्यांतलाच एक सुपरमॅनचा. त्यांचा सुपरमॅन म्हणजे मागावर काम करणारा शफीक, अगदी काडीपैलवान! हे सगळं कसं घडलं त्यावर फैझा अहमद खान यांनी २००८ साली एक माहितीपट केला आणि पुढं २०२५ च्या फेब्रुवारीत 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' हा हिंदी सिनेमा आला. नाव उचललेलं, पोशाख उचललेला, तरी तो सुपरमॅन मालेगावचाच. सोलापूरकरांना मागांचा खडखडाट वेगळा सांगायला नको.

आता धाकट्याची बाजू. त्याच्या आईनं पत्रात एक ओळ सहज लिहून टाकलीय आणि माझ्या मते सगळ्या पत्रात तीच महत्त्वाची. तो हातात एक रबरी पट्टा घालून हिंडतो आणि विचारलं तर म्हणतो, "मी आज एक काम केलंय." 'क्रिश ३' पाहिलेल्यांना लगेच कळेल. त्या सिनेमात जो कुणी दुसऱ्याला मदत करतो त्याला क्रिशचा पट्टा मिळतो, कारण तोही क्रिशच. उडता नाही आलं तरी चालतं!

तुम्ही तिन्ही सिनेमे शेजारी शेजारी ठेवा. पहिल्यात रोहितला शक्ती मिळते ती मित्राकडून, जादूकडून. दुसऱ्यात कृष्णाला ती जन्मानंच मिळते, बापाकडून. दोन्हीकडं बाकीच्यांनी नुसतं बघायचं आणि टाळ्या वाजवायच्या. तिसरा म्हणतो, पट्टा घे आणि लाग कामाला. चौथीतल्या मुलाला हा सिनेमा जवळचा वाटला तर त्याला काही कळत नाही असं कसं म्हणणार? त्याला तर असं काही दिसलं, जे दहावीतल्या अण्णाच्या नजरेतून निसटलं.

शिवाय दुसरं एक. काल आधी रोग पसरवतो आणि मग त्यावरचं औषध विकतो. २०१३ साली हे पुष्कळांना अतिच वाटलं. पण २०२० मध्ये हा धाकटा बालवाडीच्या वयाचा होता, तोंडाला फडकं बांधून घरात बसलेला. मुंबईतले लोक रस्त्यात पटापट कोसळतात तो भाग त्याला जसा दिसतो, तसा तो २०१३ च्या प्रेक्षकाला दिसणंच शक्य नव्हतं. सिनेमा तोच, पण बघणाऱ्याच्या अंगावरून वर्षं गेलेली असतात.

आणि बाबा? बाबांना तुम्ही मुलांनी फार हसू नका. २००३ साली ते शाळकरी असणार. 'कोई... मिल गया'मधला रोहित अंगानं वाढलेला, पण बुद्धीनं लहान. तो वर्गात बसतो छोट्या मुलांबरोबर, आणि मोठी मुलं त्याची टर उडवतात. जादू यायच्या आधीचा हा सगळा भाग शक्तीचा नाहीच, तो चिडवण्याचा आहे. परग्रहावरच्या पाहुण्याची ही गोष्ट, पण राष्ट्रीय पुरस्कारांत तिला सामाजिक विषयावरच्या उत्तम चित्रपटाचा मान मिळाला, तो यामुळेच असावा. बाबांच्या वर्गातही कुणी रोहित असेल. कदाचित बाबाच असतील! विचारून बघा एकदा, मात्र चारचौघांत नको.

मोठ्यानं आणखी एक मुद्दा मांडलाय म्हणे. "सगळे हेच म्हणतात. चांदण्या बघा ना किती कमी दिल्यात." म्हणजे बहुमत. यावर एक खरी हकिकत ऐका.

ही १९८८ सालची गोष्ट. अमेरिकेत बॅटमॅनच्या कॉमिकमध्ये तेव्हा दुसरा रॉबिन होता, जेसन टॉड. पहिला रॉबिन सगळ्यांचा लाडका, हा दुसरा मात्र कित्येकांना आवडेना. वाचकांत सरळ दोन तट पडले. मग प्रकाशकांनी कमालच केली. एका अंकात जेसन स्फोटात सापडला आणि खाली दोन फोन नंबर छापले. एक 'जगू दे'चा, दुसरा 'मरू दे'चा. फोन करायला पैसे पडत. मरू दे म्हणणारे फोन आले ५,३४३ आणि जगू दे म्हणणारे ५,२७१. फरक अवघा ७२ चा! पुढच्या अंकात जेसन मेला. नंतर अशीही चर्चा झाली, की एकाच कुणीतरी मरू देच्या नंबरावर पुन्हा पुन्हा फोन लावला होता. मोजले गेले होते फोन, माणसं नव्हेत. आणि ५,२७१ फोन ज्यांनी केले त्यांना त्या दिवशी काय वाटलं असेल? हरले म्हणून त्यांचं प्रेम काही चुकीचं ठरलं नाही. २००५ साली जेसनला कॉमिकमध्ये परत जिवंत करावं लागलं ते निराळंच.

तेव्हा अण्णा, चांदण्या खिशात ठेव. तुला जे वाटलं ते प्रसंग धरून सांग, म्हणजे समोरच्याला उत्तर तरी देता येतं. "विमानाचं पुढचं चाक अडकतं तो भाग मला खोटा वाटला, कारण अमुक" असं म्हणालास तर तम्मा तुझ्याशी तासभर भांडेल, आणि मजेत भांडेल. "तुला कळत नाही" म्हणालास की विषय सिनेमाचा राहतच नाही. मग तो मुखवटा काढून पेटीत टाकतो.

आईंना मी उत्तरात एक खेळ कळवलाय. तिघांनी प्रत्येकी आपल्याला न आवडलेल्या सिनेमातला एक आवडलेला प्रसंग सांगायचा. बाबांनीसुद्धा! सांगितल्याशिवाय जेवायला वाढायचं नाही.

पत्रातली अज्जी मात्र मी मुद्दाम मागं ठेवली होती. त्या घरातल्या अज्जीला कन्नड तेवढं येतं, हिंदी नाही. 'क्रिश ३' हिंदीबरोबर तमिळ आणि तेलुगूत आला होता, त्याचा अज्जीला काय उपयोग? म्हणून धाकटा तिच्या शेजारी बसून सगळा सिनेमा कन्नडात सांगत होता. सांगताना गाणी त्यानं गाळली, मारामाऱ्या दोन वाक्यांत उरकल्या आणि रोहित मुलासाठी जीव देतो तिथं आला तेव्हा बराच वेळ गप्प राहिला. या पोराला परीक्षण लिहिता येत नाही असं कोण म्हणेल?

सगळं ऐकून झाल्यावर अज्जीनं एकच विचारलं. त्या खुर्चीतल्या पोराला लहानपणी कुणी मांडीवर घेतलं होतं का? आईनं लिहिलंय, की यावर तम्मानं अण्णाकडं पाहिलं आणि अण्णानं तम्माकडं. चार दिवसांत पहिल्यांदाच!

'क्रिश ४'ची घोषणा २०२५ च्या मार्चमध्ये झाली आणि तो हृतिक रोशन स्वतः दिग्दर्शित करणार असं तेव्हा सांगण्यात आलं. तेव्हा भांडणाचा पुढचा हप्ता ठरलेला आहे. त्याआधी तुमच्या घरात कुठल्या सिनेमावरून तट पडलेत ते मला कळवा. पत्र एका पानाचं असू द्या. त्यात एक प्रसंग हवा, त्यावरचं तुमचं म्हणणं हवं, आणि ज्याच्याशी भांडलात त्याचं म्हणणंही हवं, अगदी त्याच्याच शब्दांत. मैंदर्गीच्या दोघा भावांनी एकाच पाकिटात दोन पत्रं घालायला माझी हरकत नाही.