दाखल्यावरचं नाव

मैत्रिणींनो, मे महिन्याच्या सुट्टीची तयारी म्हटली की डोक्यात काय काय येतं! बॅगा, मुलांची औषधं, मेतकुटाचा डबा. ज्यांचे यजमान आखातात नोकरीला आहेत त्यांची यादी तर लोणच्याच्या बरणीपासूनच सुरू होते. आज त्या यादीत सर्वांत वर एक काम लिहून घ्या. मुलाचा जन्मदाखला काढायचा आणि त्यावरचं प्रत्येक नाव, मराठीतलं आणि इंग्रजीतलंही, अक्षर न् अक्षर वाचायचं. हे तिकीट काढायच्या आधी. पासपोर्टचा अर्ज भरायच्याही आधी.

आपल्याकडे मूल जन्मलं की सरकार काही नागरिकत्वाचा वेगळा कागद हातात देत नाही. सगळी भिस्त जन्मदाखल्यावर. १ ऑक्टोबर २०२३ पासून तर कायदाच बदलला. त्या दिवशी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांना पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून हा एकच दाखला चालतो. त्याआधीच्या मुलांना दुसरे कागदही चालतात, पण ते सगळे एकमेकांशी जुळायला हवेत. खरी गोम तिथेच आहे.

माझ्या शाळेत दुसरीत एक मुलगी आहे. वडील कुवेतला. दोन वर्षांत लेकीनं त्यांना पाहिलं ते फोनवरच. यंदा सुट्टीत मायलेकींनी तिकडे जायचं ठरलं आणि आई शाळेत बोनाफाइड दाखला मागायला आली, ती रडवेली होऊनच. मुलीचं नाव मी इथे सांगत नाही, पण ते ‘पूर्वा’सारखं धरा. जन्मदाखल्यावर इंग्रजीत त्यातला ‘ऊ’ एका ‘यू’नं लिहिलेला, शाळेत आणि आधारवर ‘डबल ओ’नं. हे एक झालं. दुसरं त्याहून अवघड. पहिलं बाळंतपण माहेरी, पोलादपूरकडे. प्रसूतीला महाडच्या दवाखान्यात आणलं, धावपळ मामानं केली, आणि फॉर्मवर बहिणीचं नाव त्याच्या तोंडी होतं तेच सांगितलं, म्हणजे माहेरचं. लग्नात तर हिचं पहिलं नावही बदललेलं! दाखल्यावरची आई एक आणि पासपोर्टवरची आई दुसरीच. दोघींत एक अक्षरही सारखं नाही.

“बाई, ही मुलगी माझी नाहीच असं म्हणतील का हो?” तिनं विचारलं.

शाळा सुटल्यावर आम्ही चवदार तळ्याकाठी जाऊन बसलो आणि सगळे कागद मांडीवर पसरले. वीस मार्च जवळ आलेला, गावात तयारीची लगबग. कागदाचं मोल आणि कागदाची मर्यादा, दोन्ही या तळ्याइतकी कुणाला ठाऊक असणार? तळं सर्वांना खुलं असल्याचा नगरपालिकेचा ठराव १९२४ सालचा. पण अस्पृश्य मानलेल्या माणसांना त्याचं पाणी ओंजळीत घ्यायला १९२७ चा मार्च आणि डॉ. आंबेडकर यावे लागले, आणि त्यानंतरही कोर्टाचा निकाल यायला १९३७ उजाडलं. मुलींना हे शिकवताना मी नेहमी सांगते, की कागदावर हक्क लिहिला म्हणून तो आपल्या पायांनी चालत घरी येत नाही.

असो. तिला मी पहिली गोष्ट सांगितली, की रडू नकोस, आईचं नाव ‘खोटं’ नाहीये. ते तुझंच जुनं नाव आहे. दोन नावांमध्ये पूल बांधायचा आहे एवढंच. आणि तो पूल म्हणजे लग्नाच्या नोंदणीचा दाखला. महाराष्ट्रात विवाह नोंदणीचा कायदा १९९८ सालचा, तरी कितीतरी घरांत लग्नपत्रिका आणि अल्बम यांच्यापलीकडे पुरावा नसतो. हिनं नोंदणी केलेली होती, म्हणून वाचली. (लग्नात मुलीचं पहिलं नाव बदलायची हौस आता पुरे झाली, असं माझं स्पष्ट मत आहे. तांदळाच्या ताटात अंगठीनं लिहिलेलं नाव पुढे किती कचेऱ्यांत निस्तरावं लागतं, ते लिहिणाऱ्याला कुठे ठाऊक असतं!)

आता दुरुस्तीची रीत. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा. त्याच्या पंधराव्या कलमात दुरुस्तीची सोय आहे, आणि मला ती फार आवडते. निबंधक मूळ नोंद खोडत नाहीत. तिला हात न लावता शेजारी समासात बरोबर मजकूर लिहून खाली सही आणि तारीख घालतात. अर्ज करायचा तो जिथे जन्माची नोंद झाली त्याच ठिकाणी, म्हणजे नगरपालिकेत, नगरपंचायतीत किंवा ग्रामपंचायतीत. आपण हल्ली पुण्यात राहतो की पनवेलला, याच्याशी त्याचा संबंध नाही. माहेरी बाळंतपण झालेल्यांनी हे ध्यानात ठेवा. एक खेप माहेरची ठरलेलीच.

लिहिताना झालेली साधी चूक असेल तर खात्री पटल्यावर निबंधक ती दुरुस्त करतात. मजकुरातलीच चूक असेल, तर खरं काय ते ठाऊक असलेल्या दोन विश्वासू व्यक्तींचं निवेदन लागतं. हिच्या बाबतीत त्या दोघी कोण मिळाल्या, सांगू? एक मुलीची आत्या, बारशाला जिनं कानात ‘कुर्रर्र’ करून नाव सांगितलं ती. आणि दुसरी बाळंतपणात सोबतीला राहिलेली माहेरची शेजारीण. दवाखान्याचं कार्ड मात्र नव्हतं. जुलै २०२१ च्या पुरात महाडमधल्या कितीतरी घरांतली कपाटं चिखलात गेली, त्यातच तेही गेलं.

आधी जन्मदाखला, मग आधार, मग पासपोर्ट, हा क्रम सोडू नका. घाईनं आधारवर चुकीचं स्पेलिंग ‘जुळवून’ घेतलं, की चूक एकाची दोन होते. शाळेच्या जनरल रजिस्टरमधलं नाव तर मुख्याध्यापकांनाही मनानं बदलता येत नाही, शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी लागते. आणि कृपा करून व्हाइटनर किंवा ब्लेड लावू नका. चुकलेला दाखला दुरुस्त होतो, खाडाखोड केलेला संशयात जातो.

पासपोर्टच्या अर्जात नाव आणि आडनाव यांचे रकाने वेगळे असतात. आडनावाचा रकाना मोकळा ठेवू नका. नोव्हेंबर २०२२ मध्ये संयुक्त अरब अमिरातीनं पासपोर्टवर एकच नाव असलेल्या प्रवाशांना भेटीच्या व्हिसावर प्रवेश नाकारायला सुरुवात केली, तेव्हा पुष्कळांची पंचाईत झाली. वडील परदेशी असतील तर त्यांच्या संमतीचा कागद आधीच मागवून घ्या. तिकिटावरचं नाव पासपोर्टवर असेल तसंच लिहा. लाडाचं नाव तिथे नको.

१ मे २०२४ पासून किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळांच्या नावात राज्य सरकारनं बाळ, आई, वडील, आडनाव असा क्रम ठरवला आहे. आईचं नाव आता मधोमध येतं, हे किती छान! म्हणूनच दवाखान्यातला फॉर्म मामा-काकांवर न सोडता, अंगात त्राण असेल तर स्वतः वाचून मगच द्या.

आपली त्या मुलीची आई? दुरुस्त दाखला तिच्या हाती आला, त्यावर तिचं आत्ताचं नाव आहे आणि ‘डबल ओ’सुद्धा. पासपोर्टचा अर्ज गेला. तिकीट अजून काढलेलं नाही. मीच काढू दिलं नाही.

परवा एका भगिनीनं विचारलं, लेकीला जर्मनीत बाळ झालं, त्याचं काय? आई-वडील दोघेही भारतीय असतील तर बाळाची नोंद तिथल्या आपल्या वकिलातीत एका वर्षाच्या आत करून घ्या. वर्ष उलटलं की केंद्र सरकारची परवानगी लागते. तिथल्या दवाखान्यानं नाव कसं लिहिलंय तेही आधी पाहा, कारण पुढे तेच उतरवलं जातं. आणि ज्यांच्या बाळाच्या दाखल्यावर नावाची जागा अजून कोरीच आहे, त्यांना नोंदणीपासून बारा महिन्यांपर्यंत ते फुकट घालता येतं, नंतर विलंब शुल्क भरावं लागतं.