सुरांच्या जाळ्यातील चोरवाटा

अंबडच्या दत्त जयंती संगीत महोत्सवामुळे जालना जिल्ह्याचे नाव रसिकांना परिचित आहे. आता मैफलीसाठी कलावंतांनी एकत्र येणेही अनिवार्य उरलेले नाही. गायक जालन्यात, तबलजी पुण्यात आणि ध्वनिमुद्रण तिसऱ्याच शहरात, हे इंटरनेटमुळे शक्य झाले आहे. २०२० च्या टाळेबंदीत 'जॅम्युलस', 'जॅकट्रिप' यांसारख्या सॉफ्टवेअरचा वापर जगभर वाढला. ही सोय स्वागतार्ह असली, तरी तिच्यासोबत येणाऱ्या धोक्यांचा विचार मात्र मागे पडला आहे.

या धोक्याचे मूळ संगीताच्या गरजेतच आहे. लय सांभाळायची, तर आवाज सेकंदाच्या काही शतांश भागात दुसऱ्या टोकाला पोहोचावा लागतो. त्यामुळे वेगाला प्राधान्य मिळते आणि संरक्षण दुय्यम ठरते. 'जॅम्युलस'मधून जाणारा आवाज एन्क्रिप्ट होत नाही. वाटेत तो ऐकला जाऊ शकतो. घरच्या संगणकालाच सर्व्हर करायचे, तर राउटरमध्ये बाहेरून आत येणारी वाट खुली करावी लागते. तालीम संपल्यावर ती कोणी बंद केली नाही, तर खुलीच राहते. त्याच संगणकावर बँकेचे व्यवहार आणि अप्रकाशित चाली असतील, तर सॉफ्टवेअरमधील एखादी त्रुटीही महागात पडू शकते.

दुसरा धोका फुकटच्या मोहाचा. 'ईसेट' या संगणक सुरक्षा कंपनीने जून २०१९ मध्ये 'लाउडमायनर' उघडकीस आणला. 'एबलटन लाइव्ह'सारख्या महागड्या सॉफ्टवेअरच्या चोरीच्या प्रतींत दडलेला हा प्रोग्राम मालकाच्या नकळत संगणकाला 'मोनेरो' हे आभासी चलन मिळवण्यास जुंपत असे. गुन्हेगारांची निवड हिशेबी होती. संगीताचे संगणक शक्तिशाली असतात आणि ते मंदावले, तर तो ध्वनीच्या कामाचाच भार वाटतो.

तिसरा धोका सर्वांत जवळचा आहे. वाद्यवृंदातील सारे जण एकाच खात्याचा पासवर्ड वापरतात, तेव्हा ध्वनिफीत कोणी पुसली वा बाहेर नेली, हे सिद्ध करणे कठीण होते. ही बाब जालनेकरांना अपरिचित नाही. अंबड व घनसावंगी तालुक्यांतील अतिवृष्टी अनुदानाचा कोट्यवधींचा गैरव्यवहार २०२५ मध्ये गाजला. त्यात तहसीलदारांचे लॉगिन आणि पासवर्ड कनिष्ठ कर्मचाऱ्यांनी वापरल्याचा आरोप झाला. तेथे प्रश्न शेतकऱ्यांच्या पैशाचा होता, येथे कलावंतांच्या निर्मितीचा आहे. परंतु किल्ली अनेकांच्या हाती गेली की जबाबदारी कोणाचीच उरत नाही, हा धडा दोन्हीकडे सारखाच लागू पडतो.

यावरील उपाय खर्चिक नाहीत. सॉफ्टवेअर मूळ संकेतस्थळावरूनच घ्यावे आणि वेळोवेळी अद्ययावत करावे. राउटरची वाट तालमीपुरतीच उघडावी. प्रत्येकाचे खाते स्वतंत्र असावे, त्याला दुहेरी पडताळणीची जोड द्यावी आणि गट सोडणाऱ्याचा प्रवेश त्याच दिवशी बंद करावा. मूळ ध्वनिमुद्रणाची एक प्रत इंटरनेटपासून दूर ठेवावी. आर्थिक फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार नोंदवावी.

मोठ्या स्टुडिओंकडे या कामासाठी तंत्रज्ञ असतात. तालुक्याच्या गावातील कलावंताकडे बहुधा एकच संगणक असतो आणि त्यातच त्याची वर्षानुवर्षांची साधना साठवलेली असते. म्हणूनच संगीत विद्यालयांनी आणि महोत्सवांच्या आयोजकांनी सुरांबरोबर या सावधगिरीचेही शिक्षण देणे आवश्यक आहे.