सहलीचा बेत परतीच्या गाडीपासून आखावा

सुट्टी जवळ आली की घरोघरी सहलीचा विषय निघतो. आमच्याही घरी निघाला. त्यावर माझे मत या भित्तिपत्रकात मांडते आहे. पटले तर घ्या.

माझे मत असे की, सहल जवळची असावी, रेल्वेने असावी आणि तिचा बेत घरातल्या सगळ्यांनी बसून आखावा.

आपले स्टेशन ढालगाव. मिरज-पंढरपूर-कुर्डुवाडी या मार्गावरचे. मोठ्या मार्गावर एक गाडी चुकली तर मागून दुसरी येते. आपल्या मार्गावर गाड्या मोजक्याच. म्हणून इथे बेत नीट नसला की फजिती होते. आमची मागच्या वर्षी झाली. पंढरपूरला गेलो, दर्शन झाले, चंद्रभागेत नावेतून फिरलो, कैकाडी महाराजांचा मठ बघितला. पण परतीची गाडी किती वाजता हे कुणी विचारलेच नव्हते! स्टेशनावर आलो तर गाडी निघून गेलेली. आज्जी फलाटावर पिशवी उशाला घेऊन आडवी झाली. शेवटी रात्री जीप ठरवून आलो. रेल्वेने जाऊन जे पैसे वाचले होते, त्याच्या दुप्पट जीपवाल्याला गेले. त्यात चूक रेल्वेची नव्हती, आमचीच होती.

म्हणून यंदा मी वही घेतली आणि बेत उलटा आखला. आधी परतीची गाडी लिहिली. तिच्या आधी एक तास स्टेशनावर पोचायचे. त्याच्या आधी जेवण. त्याच्या आधी नदी. त्याच्या आधी दर्शनाची रांग. एकादशीला लेकराबाळांनी या रांगेत उभे राहणे कठीण, म्हणून एकादशी नसलेला दिवस धरला. वेळा ऐकीव घेतल्या नाहीत. स्टेशनावर जाऊन फलक वाचला, खिडकीवर विचारून खात्री केली. वेळा बदलतात, म्हणून निघायच्या आदल्या दिवशी पुन्हा विचारणार आहे.

मग तिकिटांचा हिशेब. पाच वर्षांखाली तिकीट नाही. पाच ते बारापर्यंत अर्धे. आज्जी, आण्णा, आई यांची तीन. बंडू आठ वर्षांचा, त्याचे अर्धे. मला बारा पूर्ण झाली, म्हणून माझे पुरे. आण्णा म्हणाले, "अकरा सांग की. कोण बघतंय?" मी म्हणाले, "आण्णा, गुरुजींनी शिकवलंय खोटं बोलू नये, आणि तुम्हीच शिकवलंय की गुरुजींचं ऐकावं." आण्णा हसले. हिशेबात साडेचार तिकिटे लिहिली.

आमच्या शेजारचे काका म्हणतात, "जीप दारातनं नेते, दारात सोडते. कशाला त्या रेल्वेच्या नादाला लागता?" त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. स्टेशन आमच्या वस्तीपासून पाऊण तास चालत. गाडीला उशीरही होतो. पण जीपमध्ये आज्जीचे गुडघे दुमडून आखडतात, बंडूला उलटी होते आणि आई सगळी वाट पिशव्या मांडीवर घेऊन बसते. रेल्वेत पाय मोकळे करता येतात. आज्जीला मात्र स्टेशनापर्यंत चुलत्यांच्या मोटारसायकलवरून सोडायचे, असे लिहिले आहे.

शिवाय हा मार्ग बघण्यासारखा आहे. पूर्वी इथे अडीच फुटी रुळांवरची बार्शी लाईट धावायची. १८९७ साली कुर्डुवाडी ते बार्शी अशी ती सुरू झाली, १९०६ साली पंढरपूरला आली आणि १९२७ साली मिरजेला पोचली. आता साडेपाच फुटी रूळ आहेत. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला प्यायला पाणी नव्हते, तेव्हा मिरजेहून पाण्याची गाडी याच मार्गाने गेली. पहिल्या गाडीला दहा टाक्या होत्या आणि पाच लाख लिटर पाणी. वाटेत सांगोला लागते. २८ डिसेंबर २०२० रोजी देशातली शंभरावी किसान रेल तिथूनच पश्चिम बंगालमधल्या शालिमारला निघाली. आपल्या दारावरून एवढे जाते आणि आपण खिडकीतून बघतसुद्धा नाही!

आता शेवटचा मुद्दा, आणि मला तोच मोठा वाटतो. बेत आखताना मी प्रत्येकाला विचारले, "तुला काय पायजे?" बंडू म्हणाला, "भेळ." आज्जी म्हणाली, "माझं गुडघं चालत्यात तवर इठोबा दावा, मग काय मागत न्हाई." आई काहीच बोलेना. पुन्हा विचारले तेव्हा म्हणाली, "मला खिडकीजवळ बसायचंय. बास."

मला वाईट वाटले. मागच्या वर्षी आई पहाटे तीनला उठून दशम्या करत होती आणि गाडीत पेंगत होती. सहल म्हणजे आईच्या कामाची नुसती जागा बदलणे नव्हे. म्हणून यंदा शेंगदाण्याची चटणी मी कुटणार, पाणी भरणे आण्णांकडे, पिशव्या बंडू आणि मी धरणार. दशम्या आदल्या संध्याकाळी सगळ्यांनी मिळून करायच्या. आण्णांनी आधी "बरं बरं" म्हटले. मी त्यांना वहीत सही करायला लावली.

मुलांनो, तुम्हीही घरी वही घेऊन बसा. परतीची गाडी आधी लिहा. आणि आईला दोनदा विचारा. एकदा विचारून ती सांगत नाही.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी