'मोकळी' जमीन

परवा नातवाचा फोन आला. लग्न ठरलंय, घराचं जमत नाही. वडील लालबागहून डोंबिवलीला गेले, हा आता बदलापूरच्याही पुढे वांगणीला जागा बघतोय. "आजोबा, तुमच्या वेळी मुंबईत घरं मिळायची कशी हो?"

काय सांगणार! १९४७च्या भाडेकायद्याने भाडी १९४०च्या पातळीवर गोठवली आणि पुढे पन्नास वर्षं ती हलवायची कोणाची हिंमत झाली नाही. भाडेकरूंची मतं ढीगभर, मालकांची मूठभर. आमच्या चाळीचा जिना मोडला तरी मालक फिरकत नसे. मग भाड्याने द्यायला नवी चाळ बांधणार कोण? मी जन्मभर त्याच स्वस्त खोलीत राहिलो, हेही कबूल करतो.

मुंबईला तीन बाजूंनी समुद्र, जागाच नाही, असं सगळे म्हणतात. मला ते पटत नाही. आमच्या शाळेभोवती गिरण्याच गिरण्या होत्या. १९८२च्या संपानंतर वर्गातली कितीतरी मुलं मध्येच गावी गेली, ती परत आली नाहीत. गिरण्या बंद पडत गेल्या, पण जमीन तिथेच होती. भर शहरात, सुमारे सहाशे एकर!

१९९१च्या नियमाप्रमाणे त्या जमिनीचे तीन वाटे व्हायचे होते. एक महापालिकेला मैदानं-बागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ मध्ये सरकारने नियम बदलला. वाटे पडणार ते फक्त 'मोकळ्या' जमिनीचे, म्हणजे ज्यावर बांधकाम नाही तिचे. आता गिरणीच्या आवारात शेड, गोदामं, चिमणी सोडून मोकळं असं उरतं किती? मी आयुष्यभर मुलांना विशेषणं शिकवली, पण एका विशेषणाने एवढी जमीन गिळलेली पाहिली नव्हती. २००५ मध्ये उच्च न्यायालयाने हा अर्थ अमान्य केला, २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारचं म्हणणं ग्राह्य धरलं. झालं. मॉल आणि टॉवर उभे राहिले. गिरणी कामगारांच्या घरांची म्हाडाची पहिली सोडत निघाली ती २०१२ साली, संपाला तीस वर्षं झाल्यावर.

नातवाला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मग तुम्ही तेव्हा काय केलंत?"

२००१ साली मी रोज पेपर वाचत होतो. ही बातमी वाचल्याचं मला आठवत नाही.